सुताचा भाव आणि वडिलांचा कापूस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

कापसाच्या भावावरच्या तुझ्या प्रकल्पाचा मसुदा दोनदा वाचला. पहिल्याच पानावर ‘श्रीमंत देशांची लबाडी’ असं ठळक लिहिलं आहेस. यवतमाळला वडिलांचा कापूस मातीमोल विकला जाताना तू पाहिलास, राग येणारच. पण ती लबाडी चालते कशी, हे तू कुठेच दाखवलेलं नाहीस.

ते असं बघ. कापसाचा जगातला भाव कोसळला, तर ठरलेल्या भावापर्यंतचा फरक अमेरिकेचं सरकार आपल्या शेतकऱ्याला भरून देई. मग त्याने पेरा कमी कशाला करावा? पीक उदंड, त्यातलं बरंचसं निर्यातीला, आणि जगाचा भाव आणखी खाली. माली किंवा बुर्किना फासोतल्या शेतकऱ्यामागे असा खजिना नाही. त्याला पडेल त्या भावाने विकावं लागतं. 2003 मध्ये हे दोन देश बेनिन आणि चाडला सोबत घेऊन जागतिक व्यापार संघटनेत नेमकं हेच सांगायला उभे राहिले. त्याच वर्षी मेक्सिकोत कानकूनला भरलेली त्या संघटनेची परिषद फिसकटली.

अमेरिकेच्या याच मदतीविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्येच त्या संघटनेत वेगळी तक्रार केली होती आणि ती जिंकलीही. बेनिन आणि चाड त्या खटल्यात त्रयस्थ पक्ष म्हणून बसले होते. 2014 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. त्या समझोत्यात आफ्रिकेतल्या या देशांना अमेरिकेकडून थेट भरपाई मिळाली नाही. हे मला अजून टोचतं. तुझ्या प्रकल्पाचं काळीज इथे आहे, आणि तू त्याला दोन ओळी दिल्यास.

आता अवघड भाग. मी भिवंडीत तीस वर्षं सुताची दलाली केली. कापूस पडून सुताचा भाव उतरला की यंत्रमागवाल्याच्या जिवात जीव येताना पाहिलाय. त्याच्या मागावर बारा तास उभा राहणारा कामगारही गरीबच आहे ना? त्यालाही तुझ्या पानांत जागा हवी.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं, कापडावरही. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी माफ केलं. बाहेरचा कापूस स्वस्तात येणार म्हणून गिरण्यांना हायसं वाटलं, कापूस पिकवणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. मला तर असं दिसतं, की तिकडे कापडावर बसलेला घाव फिरून यवतमाळच्या शेतावर आला. ही साखळी तुझ्या मसुद्यात नाही.

वडिलांना फोन कर. गेल्या तीन हंगामांत कोणत्या महिन्यात, काय भावाने माल दिला, ते विचार. पावत्या असतील तर फोटो मागव. शनिवारी सकाळी ठाणे स्टेशनवर ये, भिवंडीची बस धरू. दोन मागवाले बोलायला तयार आहेत.

तुझा,
काका