आधी ऊब, मग दूध : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्या पोटमाळ्यावर एका भटक्या मांजरीने तीन पिल्ले घातली होती. परवा ती रस्त्यावर वाहनाखाली सापडून मेली. पिल्लांचे डोळे अजून मिटलेलेच आहेत. गाईच्या दुधात निम्मे पाणी घालून आम्ही ते कापसाच्या बोळ्याने पाजतो. पण दोघांना जुलाब सुरू झाले आहेत आणि तिसरे दूध ओढत नाही, हाताला गारही लागते. सासूबाई म्हणतात, त्याला बळेच थेंब थेंब घालत राहा. काय करावे?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : सासूबाईंची कळकळ समजण्यासारखी आहे, परंतु तिसऱ्या पिल्लाला तूर्त एक थेंबही घालू नका. पहिल्या दोन आठवड्यांत मांजराच्या पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. आई असते तेव्हा हे काम तिचे पोट करते. पहिल्या आठवड्यात पिल्लाचे तापमान सुमारे ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते आणि ते ३५ च्या खाली घसरले की आतड्यांची हालचाल मंदावते. मग पाजलेले दूध न पचता पोटात साचते आणि गिळण्याची शक्तीही कमी झाल्यामुळे ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. माझ्या दवाखान्यात आणली जाणारी अशी बरीच पिल्ले उपाशी राहिल्यामुळे नव्हे, तर गार असताना दूध पाजल्यामुळे अत्यवस्थ झालेली असतात.

त्याला शालीत गुंडाळून आपल्या अंगाशी धरावे आणि एक-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्यावी. चुलीजवळ ठेवणे किंवा गरम पाण्यात बुडवणे टाळावे, कारण झटक्याने दिलेली उष्णता त्याला सोसत नाही. अंग कोमट लागू लागले, बोट ओठाशी नेल्यावर ते तोंडाने चाचपू लागले, की मगच दूध द्यावे. दोन तासांनंतरही ते मलूलच राहिले, तर जवळच्या पशुवैद्यकाकडे न्यावे. जुलाब झालेल्या दोघांनाही आजच दाखवून आणा. एवढ्याशा जिवाच्या अंगातील पाणी फार लवकर आटते.

तिघांसाठी एक खोका घ्यावा आणि त्याच्या निम्म्याच भागात, पंचात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवून वर जुन्या वाकळेचा तुकडा अंथरावा. निम्म्या भागात अशासाठी, की फार उकडल्यास पिल्लाला सरपटत दुसऱ्या बाजूला जाता यावे. पहिल्या आठवड्यात पिल्लांभोवतीची हवा ३० अंशांच्या आसपास असावी, पुढे ती थोडी थोडी कमी केली तरी चालते. बल्ब लावण्यापेक्षा मला पिशवी बरी वाटते, कारण रात्री वीज गेली तरी तिची ऊब टिकते. मात्र पाणी निवले की तीच पिशवी पिल्लाची ऊब ओढून घेऊ लागते, म्हणून प्रत्येक वेळी दूध पाजताना ती तपासावी आणि पाणी बदलावे.

आता दुधाविषयी. गाईच्या दुधात प्रथिने जेमतेम साडेतीन टक्के असतात. मांजरीच्या दुधात ती सुमारे दुप्पट असतात आणि त्या दुधावर पिल्लू आठ-दहा दिवसांत वजनाने दुप्पट होते. गाईचे दूध मुळातच त्याला अपुरे, त्यात आपण पाणी घातल्याने ते आणखी अपुरे झाले, आणि त्यातील दुग्धशर्करा न पचल्याने जुलाब सुरू झाले. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात किंवा पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठी दुधाची पावडर मिळते. तीच आणावी आणि डब्यावरील प्रमाणानेच कालवावी. ती हाती येईपर्यंत एखादी रात्र उकळून कोमट केलेल्या, पाणी न घातलेल्या शेळीच्या दुधावर काढता येईल, पण ती तात्पुरती सोय आहे, खुराक नव्हे.

१०० ग्रॅम वजनाच्या पिल्लाला दिवसभरात साधारण २० मिलिलिटर दूध लागते, आणि एका वेळी ४ मिलिलिटरच्या पुढे जाऊ नये. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांचे अंतर चालते. कापसाचा बोळा बंद करावा, कारण त्याने किती दूध पोटात गेले हे कळत नाही आणि कापसाचे तंतू गिळले जातात. लहान स्तनाग्राची बाटली किंवा सुई काढलेली सिरिंज वापरावी. आपण तान्ह्या बाळाला मांडीवर उताणे घेतो, तसे पिल्लाला कधीही घेऊ नये. ते पोटावर पालथे, मान किंचित वर, अशा स्थितीतच असावे. नाकातून दूध आले तर लगेच थांबावे.

खर्च करायचाच असेल तर ग्रॅम दाखवणारा किचन काटा घ्या. रोज ठरलेल्या वेळी वजन करून कागदावर मांडावे. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास वाढ होत असेल तर सारे ठीक चालले आहे. एक दिवस वजन स्थिर राहिले तर सावध व्हावे आणि घटले तर वाट पाहत बसू नये.

प्रश्न : दहा दिवसांचे पिल्लू दूध उत्तम पिते, परंतु दोन दिवसांत शी-शू केलेली नाही, पोट तट्ट फुगले आहे. एरंडेल द्यावे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : एरंडेल मुळीच देऊ नये. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून मलमूत्र करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ते होते. प्रत्येक वेळी दूध पाजल्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने शेपटीखालचा भाग अलगद पुसत राहावे, मिनिटभरात लघवी होते. शी दिवसातून एकदा झाली तरी पुरे. तुमच्या पिल्लाचे पोट फुगलेले असल्याने आज एवढे करूनही लघवी झाली नाही, तर रात्र जाऊ देऊ नका.

प्रश्न : ऊसतोड चालू असताना फडात ठिपकेदार अंगाची दोन इवली पिल्ले सापडली. टोळीतील लोक बिबट्याची म्हणतात, मला मांजराची वाटतात. घरी आणून पाजावीत का?
— एक शेतकरी वाचक, कराड तालुका

उत्तर : घरी आणू नका. आपल्या भागातील उसात बिबट्याची मादी विते, तशीच वाघाटीही. वाघाटी हे जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असून, पूर्ण वाढ झाल्यावरही तिचे वजन दीड किलोच्या आसपासच असते. तिची पिल्ले बिबट्याचे बछडे समजली जातात, हे नेहमीचेच. दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, त्यामुळे पिल्ले कोणाची हे ओळखत बसण्यापेक्षा त्या फडातील तोड थांबवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बहुतेक वेळा वनकर्मचारी पिल्ले सापडली त्याच जागी खोक्यात किंवा टोपलीत ठेवतात, सर्वांना दूर करतात आणि अंधार पडल्यावर आई येऊन ती उचलून नेते. म्हणूनच पिल्ले कोणत्या सरीत होती, तेथे खूण करून ठेवा.

माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज खरा नाही. तरीही हातात धरून फोटो काढण्याचा मोह आवरावा. ती घरच्या मांजराची निघाली तरी लगेच अनाथ समजू नयेत. मांजर पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. ती एकेक करून हलवत असते आणि मधल्या वेळात उरलेली एकटी दिसतात. अंग ऊबदार आहे आणि पिल्ले शांत निजलेली आहेत, तोवर ती सापडली तेथेच सावलीत ठेवून लांबून पाहावे. गार पडली किंवा सतत ओरडत राहिली, तर मात्र वरील पहिल्या उत्तराप्रमाणे ऊब द्यावी, आणि रानातील पिल्ले असल्यास वनकर्मचारी येईपर्यंत दूध पाजू नये.