'खाल्ल्या घरचे वासे' मोजणं: वासेच का?

प्रश्न असा आलाय की खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणजे कृतघ्नपणा हे कळतं, पण वासेच का, खांब नाहीतर भांडी का मोजत नाहीत?

अहो एकदा जुन्या कौलारू घरात जेवून आडवं होऊन बघा की. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडं पाऊस लागला की बाहेर पडायची सोय नाही, पावणा जेवला की सोप्यात उताणा पडतो, आणि वर माळा नसला तर डोळ्यासमोर काय येणार, आढं आणि दोन्हीकडं उतरलेले वासे. पोटात ह्यांचंच जेवण आणि डोक्यात हिशोब, घर किती खणांचं, लाकूड सागवानी आहे काय, पैसा किती असंल. त्यातनंच पुढं त्याच घराचं वाईट चिंतणारा असा अर्थ आला असावा, मला तरी हे पटतं.

खरी गंमत पुढंच आहे. कन्नडातपण हीच म्हण आहे, "उंड मनेय जंती एणिसबारदु", म्हणजे जेवलेल्या घराचे वासे मोजू नयेत. कुणी कुणाकडनं उचलली ते मात्र विचारू नका हं, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा एक दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे तेवढा बास.

बरं वासे तरी कुठले इमानी? घर फिरलं की घराचे वासेपण फिरतात ही आपलीच म्हण. इमान शब्द अरबीतनं आला, तिथं ईमान म्हणजे देवावरची श्रद्धा, आपल्याकडं तो धन्याच्या चाकरीला लागला आणि आता तर नुसतं 'इमानी' म्हटलं की माणूस आठवतच नाही, कुत्रं आठवतं. राहिला भरवसा, तर त्याच्या म्हशीला टोणगा. त्यात कन्नडात 'भरवसे' म्हणजे आश्वासन, त्यामुळं निवडणुकीच्या सभेत स्टेजवरनं भरवसे देतात आणि खाली बसलेला आपला माणूस भरवसा समजून घरी घेऊन जातो!

आमच्याकडं आता स्लॅब झालाय, मोजायला वासेच नाहीत. तरी परवा एक पावणा जेवून उताणा पडला, पाच मिनिटं वर बघितलं आणि म्हणतो कसा, "फॅन कितीला बसला हो?"