दोन्ही पत्रे घेऊन ये

माटुंगा, मुंबई

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पाण्यातून विजेने हायड्रोजन काढण्याच्या प्रयोगाचा तुझा आलेख लोकलमध्ये उभ्याउभ्याच पाहिला. निकेल-मॉलिब्डेनमवर हायड्रोजन साध्या निकेलपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजला सुटतोय, म्हणून तू खूश आहेस. पण इलेक्ट्रोड म्हणून लावलेले धातूचे दोन्ही पत्रे सारखेच घासले होतेस का, ते कुठे लिहिलेलं नाहीस.

विचारतोय, कारण मी इथेच आपटलोय. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझा मिश्रधातूही असाच चमकला होता. मागून लक्षात आलं, तो ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवरच थांबवला होता, आणि साधा निकेल मात्र अॅल्युमिना पावडरीने आरशासारखा केला होता. खरखरीत पत्र्याला क्षेत्रफळ जास्त, म्हणून करंट जास्त. दोन्ही सारखे घासल्यावर फरक जवळजवळ उरलाच नाही. गाइड एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

खरखरीतपणा ही खोट नव्हे. निकेल-अॅल्युमिनियममधलं अॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळवलं की स्पंजासारखं रॅनी निकेल उरतं, त्याची सगळी मदार भोकांवरच. फक्त श्रेय कोणाचं ते सांग. पत्र्याच्या मोजमापावर काढलेल्या करंटशेजारी डबल लेयर कपॅसिटन्सवरून, म्हणजे पत्रा आणि द्रावणाच्या सीमेवर किती विद्युतभार साठतो त्यावरून, काढलेल्या क्षेत्रफळावरचाही दे. (मिश्रधातूंसाठी तो आकडा ढोबळच असतो, तेही लिही.)

क्षेत्रफळावरही सगळं भागत नाही. प्लॅटिनमचा स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी कापला, तर आम्लात ११० पृष्ठभाग १११ पेक्षा हायड्रोजन वेगाने सोडतो (हे आकडे म्हणजे कापाच्या दिशांची नावं). धातू तोच, अणूंची मांडणी वेगळी. ऑक्सिजन सुटतो त्या इलेक्ट्रोडच्या बाजूला तर वरचा थर धातू राहतच नाही. निकेल-लोखंडावर ऑक्सिहायड्रॉक्साइड (धातू, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचं संयुग) तयार होतं, काम तेच करतं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात लोखंडाचा अंश असला, तर साधं निकेलही उगाच हुशार दिसतं. तिकडे वळशील तेव्हा आधी द्रावण शुद्ध कर.

काउंटर इलेक्ट्रोड (पत्र्यासमोरचा, सर्किट पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमचा असेल तर आजच काढ, ग्राफाइटचा लाव. प्लॅटिनम विरघळून तुझ्या पत्र्यावर येऊन बसतं, आणि मग कौतुक भलत्याचंच होतं.

आणि सेलसमोर दहा मिनिटं नुसती बसून बुडबुडे बघ. मोठा बुडबुडा चिकटून राहिला की तेवढी जागा बंद, आलेख तिथे दातेरी होतो. हे सॉफ्टवेअर तुला सांगणार नाही.

शनिवारी लॅबमध्ये आहे. वापरलेले दोन्ही पत्रे घेऊन ये, पुन्हा घासू नकोस. मायक्रोस्कोपखाली आधी तेच बघू.

तुझा,
सर