गाण्यांची यादी रोज बदलावी का?

प्रश्न : डिसेंबर २०१९मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेली 'यू टू' या रॉक बँडची मैफल मी पाहिली. 'द जोशुआ ट्री' हा अल्बम त्यांनी पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत त्याच क्रमाने सादर केला आणि मला तो मनापासून आवडला. अमेरिकेत राहणारा माझा भाऊ मात्र म्हणतो, की जो कार्यक्रम काल दुसऱ्या गावात झाला तोच आज आपल्या गावात होणार असेल, तर तिथे जाण्यात अर्थ नाही. खरा बँड तोच, जो रोज वेगळी गाणी वाजवतो. या सदरात आपण 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकी रॉक बँडविषयी आस्थेने लिहिता, म्हणून विचारते : यादी बदलणे एवढे महत्त्वाचे आहे का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : तुमच्या भावाचे निम्मे म्हणणे मला पूर्णपणे पटते आणि निम्मे अजिबात पटत नाही. जे पटत नाही, ते आधी सांगतो.

तुम्ही पाहिलेल्या कार्यक्रमाचा विषयच मुळी १९८७चा तो अकरा गाण्यांचा अल्बम होता. त्यातली पहिली तीन गाणी जगाला पाठ आहेत, पण उत्तरार्धातली गाणी मैफलीत क्वचितच ऐकायला मिळत. 'रेड हिल मायनिंग टाऊन' हे गाणे तर अल्बम निघाल्यानंतर तीस वर्षांनी, २०१७च्या दौऱ्यात, प्रथमच लोकांसमोर वाजले. म्हणजे क्रम पक्का ठरवल्यामुळेच काही गाण्यांना रंगमंच मिळाला. अशा कार्यक्रमात मधेच वेगळे गाणे घुसवले असते, तर सगळी बांधणीच विस्कटली असती.

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या २०२३च्या दौऱ्याबाबतही माझे हेच मत आहे. श्रोत्यांनी उंचावलेल्या फलकांवरची फर्माईश पाहून ऐनवेळी गाणे घेणारा हा गायक. त्या वर्षी मात्र तो रोज जवळजवळ तीच यादी गाऊ लागला आणि त्याचे जुने चाहते नाराज झाले. परंतु त्या यादीला एक सूत्र होते. तरुणपणी 'द कॅस्टील्स' या त्याच्या पहिल्या बँडमध्ये असलेला जॉर्ज थीस २०१८मध्ये गेला आणि त्या बँडमधला जिवंत माणूस म्हणून स्प्रिंगस्टीन एकटाच उरला. त्यावरचे 'लास्ट मॅन स्टँडिंग' हे गाणे कार्यक्रमाच्या मध्यावर येई आणि अखेरीस तो एकटा गिटार घेऊन 'आय विल सी यू इन माय ड्रीम्स' गाई. या दोन गाण्यांमधले अंतर त्याने विचारपूर्वक भरलेले होते. मधल्या भागात त्याने थोडी मोकळीक ठेवायला हवी होती असे मला आजही वाटते, पण त्या यादीला आळस म्हणणे हा अन्याय आहे.

आता पटणारा भाग. पुष्कळ मोठ्या दौऱ्यांमध्ये यादी न बदलण्याचे कारण संगीतात नसते. प्रकाशयोजना आणि पडद्यावरची दृश्ये संगणकाने सेकंदासेकंदाला बांधलेली असतात, ड्रमरच्या कानात ठेक्याची टिकटिक चालू असते, आधी ध्वनिमुद्रित केलेले काही आवाज सोबत वाजत असतात. मग एखादे गाणे दोन फेऱ्या जास्त रंगले तरी ते लांबवता येत नाही, आणि श्रोते थंड असले तरी क्रम बदलता येत नाही. समोर कोण बसले आहे, याचा वाजवणाऱ्यांवर काहीच परिणाम होऊ शकत नाही, ही त्यातली खरी उणीव आहे. यादी बदलण्याचे मोल मला वाटते ते एवढ्याचसाठी, की ती त्या संध्याकाळसाठी, त्या लोकांसमोर ठरते.

'ग्रेटफुल डेड' या बाबतीत ज्या टोकाला गेला, तिथवर रॉकमधले फार थोडे लोक गेले. १९६५मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो परिसरात हा बँड सुरू झाला आणि ९ ऑगस्ट १९९५ रोजी त्याचा गायक-गिटारवादक जेरी गार्सिया याच्या निधनानंतर थांबला. या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० मैफली केल्या. पुढचे गाणे कोणते, हे बहुतेक वेळा रंगमंचावरच ठरे. तरी त्यात गोंधळ नव्हता. गार्सिया आणि दुसरा गायक-गिटारवादक बॉब वीअर यांनी आळीपाळीने गाणी म्हणायची, पूर्वार्धात आटोपशीर गाणी घ्यायची, उत्तरार्धात एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता शिरायचे, मधे दोन्ही ड्रमरांनी सगळा रंगमंच ताब्यात घ्यायचा, असा साचा कालांतराने रुळला होता. आपल्या मैफलीत बडा ख्याल, छोटा ख्याल, मग ठुमरी किंवा नाट्यपद आणि शेवटी भैरवी हा क्रम सर्वांना ठाऊक असतो, पण आज कोणता राग येणार हे गायकाने आलाप सुरू केल्यावर कळते. त्याच जातीची ही मोकळीक होती.

ही तुलना मी उगाच ओढूनताणून आणलेली नाही. डेडचा ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता, आणि 'द इलेव्हन' या डेडच्या गाण्याचा डोलारा अकरा मात्रांवर उभा आहे. पुढे माहीमचे झाकीर हुसेन हे हार्टचे आयुष्यभराचे सहकारी झाले. 'डिगा ऱ्हिदम बँड'चा १९७६चा 'डिगा' हा अल्बम आणि १९९१चा, ग्रॅमी मिळवणारा 'प्लॅनेट ड्रम' ही त्या सोबतीची फळे आहेत. उत्तरार्धातल्या ड्रमच्या ज्या भागात श्रोते उठून खायला-प्यायला जात, तो भाग आपल्याकडच्या श्रोत्याने तरी बसून ऐकावा, असा माझा आग्रह आहे.

यादी बदलल्याने नेमके काय घडते, ते 'डार्क स्टार' या एका गाण्यावरून दिसेल. १९६८मध्ये सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, म्हणून निघालेले हे गाणे तीन मिनिटांच्या आत संपते. फेब्रुवारी १९६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्मोर वेस्ट सभागृहात मुद्रित झालेला आणि 'लाइव्ह/डेड' या अल्बमवर असलेला त्याचा अवतार तेवीस मिनिटांचा आहे. पुढे ते दुर्मीळ होत गेले. १९८४च्या जुलैनंतर तर पाच वर्षे ते वाजलेच नाही. ऑक्टोबर १९८९मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन गावी बँडने आपले नाव न लावता, 'पूर्वीचे वॉरलॉक्स' अशी जाहिरात करून, ८ आणि ९ तारखेला दोन मैफली ठेवल्या. 'द वॉरलॉक्स' हे त्यांचे सुरुवातीचे नाव होते. दुसऱ्या रात्री 'डार्क स्टार'चे सुरुवातीचे ओळखीचे स्वर वाजले आणि सभागृहातून जो आवाज उठला, तो त्या ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. गाण्याचा एक शब्दही अजून म्हटलेला नाही, केवळ चार-सहा स्वर निघाले आहेत आणि हजारो लोक एकाच क्षणी ते ओळखतात. त्याच रात्री शेवटी त्यांनी 'अ‍ॅटिक्स ऑफ माय लाइफ' म्हटले, जे १९७२नंतर कुणी मैफलीत ऐकलेले नव्हते. रोज ठरलेली यादी वाजवणाऱ्या बँडच्या श्रोत्यांना हा आनंद मिळूच शकत नाही. कारण जे येणार हे माहीत असते, त्याची अशी वाट पाहता येत नाही.

तुमच्या भावाने कदाचित सांगितले नसेल, म्हणून एक गोष्ट जोडतो. हे श्रोते घडले ते ध्वनिमुद्रणांमुळे. डेडने लोकांना मैफलीत टेपरेकॉर्डर आणू दिले आणि ऑक्टोबर १९८४पासून ध्वनिसंयोजकाच्या टेबलामागे त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखली. टेप विकायच्या नाहीत, एकमेकांना द्यायच्या, एवढीच अट होती. एकाच गाण्याची दहा वर्षांतली दहा रूपे घरी ऐकलेला माणूस मैफलीला आला, की कोणता बदल नवा आहे हे त्याला तत्क्षणी कळते, आणि असे कान समोर आहेत हे माहीत असल्यावर वाजवणाऱ्यालाही नवे काही करून पाहावेसे वाटते. एकावाचून दुसरे टिकले नसते.

याची किंमतही होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्यांचे वादन फसले, हे त्या बँडच्या लोकांनी स्वतःच वेळोवेळी सांगितले आहे. नव्वदच्या दशकात गार्सियाची प्रकृती ढासळत गेली, तेव्हाच्या कित्येक रात्री ऐकवत नाहीत. शब्द विसरतात, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना सगळे चाचपडतात. ठरलेल्या यादीचा बँड सहसा इतका खाली येत नाही. तरीही मी ही किंमत आनंदाने मोजायला तयार आहे, कारण ज्या रात्री ते जमले त्या रात्रीचे संगीत आधी ठरवून कुणालाही वाजवता आले नसते.

प्रश्न : मोठे तिकीट काढून मी एका परदेशी बँडच्या मुंबईतल्या कार्यक्रमाला गेलो. ज्या गाण्यासाठी गेलो होतो, ते त्यांनी वाजवलेच नाही. यादी बदलण्याचे कौतुक करणाऱ्यांनी आमच्यासारख्यांचा विचार कधी केला आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. स्प्रिंगस्टीनच्या न्यू जर्सीत राहणाऱ्याला तो दर दौऱ्यात ऐकता येतो. आपल्याकडे एखादा बँड एकदा येतो आणि पुन्हा येईलच असे नाही. 'रोलिंग स्टोन्स' एप्रिल २००३मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले, त्यानंतर ते मुंबईत आलेले नाहीत. जिथे पहिली भेट हीच शेवटची ठरण्याची शक्यता असते, तिथे बँडने चार-पाच प्रसिद्ध गाणी न चुकता वाजवावीत, एवढी अपेक्षा कोणत्याही चाहत्याने मान्य करावी. बदल बाकीच्या पंधरा-वीस गाण्यांत करता येतो.

एकाच गावात लागोपाठ दोन कार्यक्रम असतील, तर मात्र मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. 'मेटालिका'ने २०२३मध्ये अ‍ॅमस्टरडॅमपासून सुरू केलेल्या दौऱ्यात एका शहरात दोन रात्री आणि त्या दोन रात्रींत एकही गाणे पुन्हा नाही, असा नियम ठेवला. 'फिश' या बँडने २०१७च्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा रात्री वाजवले आणि २३७ गाण्यांपैकी एकही दुसऱ्यांदा घेतले नाही. एवढी तयारी करणाऱ्या बँडकडून आपले आवडते गाणे त्या रात्री न मिळाल्याचे दुःख मला समजते, पण त्याबद्दल राग येत नाही.

फर्माईश पुरवणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर ७ जुलै २०१३ रोजी लाइपझिगमध्ये स्प्रिंगस्टीनने घेतलेल्या 'यू नेव्हर कॅन टेल'चे चित्रण जरूर पाहा. श्रोत्यांमधल्या कुणीतरी चक बेरीच्या त्या गाण्याचा फलक धरलेला असतो. स्प्रिंगस्टीन तो उचलतो, गिटारवर एकेक सूर लावून आपल्या गळ्याला कोणता झेपेल ते सर्वांसमोर चाचपून पाहतो, साथीदारांशी बोलतो, आणि मग भोंगेवाल्या वादकांना त्यांनी काय वाजवायचे ते तोंडाने गाऊन दाखवतो. ते तिथल्या तिथे ती ओळ उचलतात आणि गाणे उभे राहते. ती सगळी शोधाशोध मला त्या गाण्याइतकीच प्रिय आहे, कारण मोठ्या वादकांचे डोके कसे चालते ते एरवी पडद्याआड राहते.

प्रश्न : डेडच्या शेकडो ध्वनिमुद्रणांपैकी सुरुवात कुठून करावी?
— एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : ८ मे १९७७च्या रात्रीपासून करा. कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली ही मैफल बेटी कँटर-जॅक्सन यांनी मुद्रित केली आणि २०११च्या निवडीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत तिला स्थान मिळाले. मे महिना असूनही त्या रात्री विद्यापीठाच्या इथाका गावात हिमवर्षाव झाला होता. सगळी मैफल एका दमात ऐकण्याची गरज नाही; उत्तरार्धाच्या आरंभीचे 'स्कार्लेट बिगोनियाज' आणि त्यातून निघणारे 'फायर ऑन द माउंटन', एवढी सुमारे पंचवीस मिनिटे आधी ऐका.

ही जोडी तेव्हा दोन महिन्यांचीही नव्हती. १८ मार्च १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ती प्रथम वाजली होती. पहिल्या गाण्याचे शब्द संपल्यावर गिटारकडे लक्ष न देता फिल लेशच्या बासकडे, म्हणजे खर्जातल्या गिटारकडे, कान लावा. 'फायर' दोनच कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोनच जुळणींवर, उभे आहे, आणि त्या दोन कॉर्डकडे बँड एकदम वळत नाही. आधी एक जण डोकावतो, बाकीचे जुन्याच गाण्यात असतात, मग दुसरा येतो, आणि नवे गाणे नक्की कोणत्या क्षणी सुरू झाले हे दहा वेळा ऐकूनही सांगता येत नाही. मग अठरा मार्चची जोडी ऐका, त्यानंतर ऐंशीच्या दशकातली एखादी. त्या रूपांमधला फरक तुम्हाला जिथे जाणवेल ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवतो.