वाचकांचे प्रश्न : रंगमंचावरच्या यंत्रमानवाचा तोल

थीम पार्कमध्ये प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्या मानवाकृती यंत्रमानवांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी निवडले आहेत.

प्रश्न : प्रवासात आम्ही एका थीम पार्कमध्ये मानवाकृती यंत्रमानवाचा प्रयोग पाहिला. तो चालला, नाचला आणि निवेदिकेच्या प्रश्नांना त्याने उत्तरेही दिली. बाहेर पडताना शेजारचे गृहस्थ म्हणाले, की पडद्याआड बसलेला माणूसच हे सगळे करवून घेत होता. माझा मुलगा फार हिरमुसला. आमची फसवणूक झाली, असे समजावे का?

उत्तर : ‘पडद्याआड माणूस होता’ आणि ‘यंत्रमानव स्वतःच्या तोलावर उभा होता’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, हे आपल्या मुलाला अवश्य सांगावे. अशा प्रयोगात कोठे वळायचे, कोणते वाक्य केव्हा बोलायचे, नाच केव्हा सुरू करायचा, हे बहुधा आधी नोंदवून ठेवलेले असते किंवा पडद्याआडचा चालक ते कळ दाबून ठरवतो. परंतु पाऊल टेकत असताना घोटा किती वळवायचा आणि कंबर किती सरकवायची, हे त्या चालकाला कितीही कौशल्य असले तरी सांगता येणार नाही, कारण तो निर्णय सेकंदाला शेकडो वेळा घ्यावा लागतो. ते काम यंत्रमानवाच्या शरीरातील जायरोस्कोप (शरीर किती वळते-कलते हे मोजणारे उपकरण), तळव्यांतील दाबमापक आणि त्याच्या आतला संगणक मिळून करतात.

हा फरक किती मोठा आहे, ते जुन्या प्रयोगांकडे पाहिले की कळते. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात वेस्टिंगहाउस कंपनीने ‘इलेक्ट्रो’ नावाचा सुमारे २.१ मीटर उंचीचा यंत्रमानव उभा केला होता. तो सांगितल्याप्रमाणे चालत असे आणि तबकडीवर ध्वनिमुद्रित केलेली सुमारे ७०० शब्दांची भाषा बोलत असे. प्रत्यक्षात त्याला बोललेल्या शब्दांचा अर्थ मुळीच कळत नव्हता. बोलण्यातील उच्चारांच्या तुकड्यांच्या संख्येचे विजेच्या स्पंदांत रूपांतर होई आणि ते स्पंद मोजून पुढची क्रिया घडे. त्याचे चालणेही तळव्यांखालच्या चाकांवर सरकणे होते. १९६४ मध्ये त्याच शहरातील जागतिक प्रदर्शनात डिस्नेच्या कारागिरांनी अब्राहम लिंकन यांची आकृती सादर केली. ती खुर्चीतून उठून भाषण करीत असे आणि पाहणारे थक्क होत, परंतु तिला पडण्याची भीती नव्हती, कारण ती जागेवर जखडलेली होती. त्यानंतर कित्येक दशके थीम पार्कमधील बहुतेक माणसासारख्या आकृत्या याच घराण्यातल्या राहिल्या. होंडा कंपनीचा ‘असिमो’ मात्र कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये २००५ ते २०१५ या काळात रंगमंचावर आला, तेव्हा त्याचे पाय कशालाही बांधलेले नव्हते. त्याचा क्रम आधी ठरलेला होता, पायऱ्यांची उंचीही त्याला आधीच ठाऊक होती, आणि तरीही प्रत्येक प्रयोगात तो खरोखर पडू शकत होता.

संवादाच्या बाबतीत मात्र मी आपल्या मुलाच्या बाजूने आहे. आधी नोंदवलेले वाक्य निवेदिकेने ‘याला माझा प्रश्न समजला’ अशा थाटात सादर केले असेल, तर ते योग्य नव्हते. चालणे कोणाचे, बोलणे कोणाचे आणि निवड कोणाची, हे प्रयोगाच्या सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगावे, असे माझे ठाम मत आहे. त्याने मुलांचे कुतूहल कमी होत नाही, उलट ते योग्य ठिकाणी जाऊन पोहोचते.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. जुन्या चित्रफितींतील यंत्रमानव नेहमी गुडघे वाकवून, दबकत चालल्यासारखे का चालतात?

उत्तर : पाय पूर्ण सरळ झाला की तो आणखी लांब होऊ शकत नाही. पुढच्या क्षणी कंबर किंचित वर न्यावी लागली, तर यंत्रमानवापाशी उपायच उरत नाही. शिवाय सरळ पायाच्या आसपास कंबर थोडी हलवायची असली, तरी गणिताने गुडघ्याचा वेग अवाच्या सवा येतो आणि मोटरीला तो झेपत नाही. म्हणून रचनाकारांनी गुडघे वाकवून कंबर जवळजवळ एका पातळीत ठेवण्याचा सुरक्षित मार्ग घेतला.

त्यामागचे तत्त्व युगोस्लाव्ह शास्त्रज्ञ मिओमिर वुकोब्रातोविच यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडले होते. जमिनीचा एकूण रेटा ज्या बिंदूतून लागतो, तो बिंदू टेकलेल्या तळव्याच्या कडेच्या आत राहिला पाहिजे. तो कडेवर गेला की तळवा उलटू लागतो. वाकलेल्या गुडघ्यांची किंमत मात्र मोजावी लागते, कारण नुसते उभे असतानाही मोटरींना सतत जोर लावावा लागतो. आपल्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटे अर्धवट वाकलेल्या गुडघ्यांवर उभे राहायला सांगितले, तर त्यांना हे कोणत्याही आकृतीपेक्षा लवकर समजेल. अलीकडचे यंत्रमानव अधिक सरळ पायांनी चालतात. संगणकातील आभासी जगात त्यांच्या हजारो प्रतिकृतींना एकाच वेळी चालायला आणि पडायला लावून, त्यातून तयार झालेले नियंत्रण प्रत्यक्ष यंत्रात उतरवले जाते.

प्रश्न : कारखान्यात लाल बटण दाबले की यंत्र जागच्या जागी थांबते. तसेच बटण इथेही असणार. मग प्रेक्षकांना इतके दूर का बसवतात?

उत्तर : कारण दोन पायांवरच्या यंत्राला ‘जागच्या जागी थांबणे’ ही सोयच नसते. कारखान्यातील यंत्रभुजा जमिनीला पक्की केलेली असते. वीज तोडली की तिच्या सांध्यांतील ब्रेक लागतात आणि ती आहे तशी थिजते. चालणारा यंत्रमानव एका पायावर, पुढे झुकलेला असताना त्याची वीज तोडली, तर तो निश्चितपणे कोसळतो. म्हणजे ज्या बटणाने माणसाचे रक्षण व्हायचे, तेच बटण धोका निर्माण करते. म्हणून अशा यंत्रांत थांबण्याची रीत दोन टप्प्यांची करावी लागते : आधी दोन्ही पाय टेकवून खाली बसणे किंवा ठरलेल्या ढंगाने पडणे, आणि मगच वीज तोडणे. परंतु एखादा सांधाच बिघडला असेल, तर पहिला टप्पाही हाती राहत नाही. मग अंतर हाच एकमेव भरवशाचा उपाय उरतो.

थोडा हिशेब करून पाहू. ५० किलो वजनाच्या यंत्रमानवाचा गुरुत्वमध्य पडताना अर्धा मीटर जरी खाली आला, तरी सुमारे २४५ जूल ऊर्जा मोकळी होते. पाच किलोचे वजन पाच मीटर उंचीवरून सोडले, तर तेवढीच ऊर्जा मिळते. पहिल्या रांगेत लहान मूल बसलेले असेल, तर हा आकडा विसरून चालणार नाही. यंत्रमानवाच्या उंचीपेक्षा जास्त अंतर मोकळे ठेवावे, ही किमान अट झाली. पडताना तो हात फेकू शकतो आणि घसरू शकतो, हे धरून मी तरी त्याच्या दुप्पट अंतर ठेवीन. व्यक्तिगत सेवेच्या यंत्रमानवांसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले आयएसओ १३४८२ हे मानक उपलब्ध आहे, परंतु तेही प्रेक्षकांसमोर नाचणाऱ्या दुपायी यंत्राला समोर ठेवून लिहिलेले नाही.

पडण्याची शक्यता कागदावरची नाही. डिसेंबर २००६ मध्ये टोकियोतील एका प्रात्यक्षिकात असिमो पायऱ्या चढताना मागे कोसळला, आणि कर्मचाऱ्यांनी धावत येऊन त्याच्यासमोर आडोसा धरला. त्या गडबडीतील माणसांची घालमेल मला समजते, पण तो आडोसा नसता तर बरे झाले असते असे वाटते. हे काम किती अवघड आहे, याची जाणीव प्रेक्षकांना त्या एका क्षणी जितकी झाली असती, तितकी शंभर निर्दोष प्रयोगांनी होत नाही.

प्रश्न : एवढी जोखीम असेल, तर थीम पार्कला या यंत्रांचा खरा उपयोग कोठे आहे?

उत्तर : जिथे माणसाच्या जिवाला जोखीम आहे, तिथे. डिस्नेच्या कॅलिफोर्नियातील उद्यानात २०२१ मध्ये सुरू झालेल्या एका विभागात स्पायडरमॅनच्या वेशातील यंत्र दोरावरून झोका घेऊन सुटते आणि सुमारे २० मीटर उंच हवेत कोलांट्या घेते. छतावर दिसणारा आणि शेवटी भिंतीवरून खाली उतरणारा मात्र माणूस असतो. मधल्या उड्डाणापुरतीच अदलाबदल होते. हवेत सुटल्यावर त्या यंत्राला रेटा देण्यासाठी काहीच आधार नसतो. हातपाय जवळ घेतले की गिरकीचा वेग वाढतो, पसरले की तो मंदावतो, आणि कोणत्या क्षणी काय करायचे, हे त्याच्या अंगावरच्या संवेदकांनी (सेन्सर) केलेल्या मोजमापावरून ठरते. २०२२ मध्ये हे यंत्र एकदा इमारतीवर आदळले. त्या जागी कसरतपटू असता तर काय झाले असते, हा विचार मनात आला, की ही अदलाबदल मला पूर्णपणे योग्य वाटते. नुसते हात हलवून स्वागत करण्यासाठी मात्र दुपायी यंत्र उभे करावे, असे मला वाटत नाही. ते काम वेशभूषा केलेला कलावंत कितीतरी अधिक जिव्हाळ्याने करतो.

प्रश्न : मी अकरा वर्षांची आहे. सुट्टीत आम्ही यंत्रमानवाचा प्रयोग पाहायला जाणार आहोत. मी काय नीट पाहू?

उत्तर : चेहऱ्याकडे कमी पाहा, कारण चेहरा तुझे लक्ष वेधण्यासाठीच बनवलेला असतो. शक्य असेल तर बाजूची जागा घे, म्हणजे पाय बाजूने दिसतील. नाच सुरू असताना सगळे टाळ्या वाजवतील, पण तू नाच संपल्यानंतरच्या वेळेची वाट पाहा. निवेदिका बोलत असेल आणि यंत्रमानव नुसता उभा असेल, तेव्हा त्याच्या घोट्यांवर नजर ठेव. तो स्वतःच्या तोलावर उभा असेल, तर घोटे आणि कंबर अगदी बारीक हलताना दिसतील आणि शांतता असेल तर मोटरींची कुजबुजही ऐकू येईल. पाय जमिनीला जखडलेले असतील, तर ही हालचाल दिसणार नाही. मग घरी गेल्यावर डोळे मिटून एका पायावर उभी राहा आणि स्वतःच्या घोट्याकडे लक्ष दे.