पर्शियन की मेन कून? आधी पॉलिसीचं पहिलं पान बघा

प्रश्न : मी 38 वर्षांचा, डोंबिवलीत राहतो. पगार हातात 92 हजार, पत्नीचा 35 हजार. गृहकर्ज 38 लाख बाकी, हप्ता 36 हजार. मुलगी येत्या जूनमध्ये दहा वर्षांची होईल, तिला मांजर हवंय. पर्शियन 20 हजारांना मिळतंय, मेन कून 65 हजारांना. ब्रीडर म्हणतो, मेन कूनची जोडीच घ्या, पिल्लं विकून दोन वर्षांत पैसे वसूल. मार्चमध्ये मुलीच्या चाइल्ड प्लॅनचा 96 हजारांचा चौथा हप्ता आहे, त्यामुळे रोख जमणार नाही. कार्डावर ईएमआय करू का? कोणती जात परवडेल? (पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडलाय. 15 वर्षांनी 23 लाख मिळणार आहेत.)

उत्तर : मांजराचं आधी उरकतो, ते सोपं आहे.

मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं. खाणं, लिटर, दरवर्षीची लस आणि अधूनमधून डॉक्टर मिळून पर्शियनला महिन्याला तीन हजार धरा. मेन कूनचा बोका सात-आठ किलोंचा सहज होतो आणि खातोही तसाच, त्याला साडेचार हजार. दीड हजारांचा हा फरक पंधरा वर्षांत 2 लाख 70 हजारांवर जातो. तुम्ही घासाघीस करताय ती 45 हजारांवर.

जोडीचा विषय सोडून द्या. 65 हजारांना पिल्लू तो ब्रीडर विकतो, तुम्ही नाही. तुमच्याकडे गिऱ्हाईक नाही, आणि मेन कूनमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून आई-बापाची तपासणी केल्याशिवाय जोडी लावायची नसते. ऑपरेशन न केलेला बोका टू बीएचकेमध्ये सोफ्यापासून दप्तरापर्यंत कुठे कुठे मुतून ठेवतो, ते ब्रीडरने सांगितलं नसेलच. शिवाय 1 लाख 30 हजारांची जोडी आणि वर कार्डाचं व्याज. नको.

आता तुम्ही न विचारलेलं. फोटो मोठा करून दोनदा पाहिला. खाली कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग आहे, त्याच्या जरा वर तीन ओळी आहेत. प्रपोझर, म्हणजे हप्ते भरणारा : तुम्ही. लाइफ अश्युअर्ड : मुलगी. प्रीमियम वेव्हर रायडर, म्हणजे तुम्ही गेलात तर पुढचे हप्ते माफ होण्याची सोय, त्यासमोर ‘नाही’.

म्हणजे विमा नऊ वर्षांच्या मुलीच्या आयुष्यावर आहे. ती कमावत नाही, तिच्या पगारावर कुणाचा हप्ता चालत नाही. घर चालतं ते तुमच्यावर, आणि तुम्हाला काही झालं तर ही कंपनी विम्याचा चेक पाठवणार नाही, पुढच्या हप्त्याची नोटीस पाठवेल. ‘मुलीच्या भविष्यासाठी’ म्हणून विकलेल्या पॉलिसीत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग एजंटपेक्षा त्या फॉर्मवर येतो. पत्रात तुमच्या स्वतःच्या विम्याचा शब्दही नाही. ऑफिसचा ग्रुप विमा असेल, पण तो नोकरीबरोबर जातो. 38 लाखांचं कर्ज मात्र घराबरोबर राहतं, आणि 35 हजारांच्या पगारातून 36 हजारांचा हप्ता कसा जाणार?

23 लाखांचंही बघू. एजंट दाखवतात त्या तक्त्यात दोन रकाने असतात, एक 4 टक्क्यांचा आणि एक 8 टक्क्यांचा. दोन्ही नुसती गृहीतकं. तुमचे 23 लाख बहुधा 8 टक्क्यांच्या रकान्यातले आहेत, आणि ते मिळाले तरी 14 लाख 40 हजार भरून तुमच्या हाती पडणारा दर साडेपाच टक्क्यांच्या आसपासच. तेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या 7.1 टक्क्यांनी 26 लाख होतात. तिथे कोणी तुमच्या घरी येऊन पेढे देत नाही, एवढाच फरक.

पहिलं काम टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. 60 वयापर्यंत एक कोटीचा, साधा, पैसे परत न देणारा. तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला 15 ते 20 हजार. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेलाय. पत्नीच्या नावाने 50 लाखांचा वेगळा घ्या.

तुमचा टर्म विमा हातात आला की चाइल्ड प्लॅनच्या कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा : आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद करून तशीच ठेवली, तर मुदतीअखेर किती. तुम्ही 2 लाख 88 हजार भरलेत, सरेंडरला लाख-सव्वा लाख आले तर दचकू नका. ‘इतके भरले, आता कशी सोडू’ असं वाटेल. गेलेले गेले. अजून बारा हप्ते म्हणजे साडेअकरा लाख जायचे आहेत, हिशोब त्यांचा करायचा.

दुसरं काम तारखेचं आहे. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची होण्याआधीच उघडता येतं. तुमच्याकडे जूनपर्यंतचा वेळ आहे, नंतर कितीही पैसे असले तरी दार बंद. सध्या 8.2 टक्के व्याज आहे, दर तिमाहीला सरकार ठरवतं. 250 रुपये भरून उघडा, किती टाकायचे ते नंतर ठरवू. सगळी बचत तिथे कोंबू नका : अठराव्या वर्षी किंवा दहावी झाल्यावर शिक्षणासाठी निम्मेच काढता येतात, बाकीचे मुदतीला किंवा लग्नाला.

ही पॉलिसी थांबवली तर वर्षाचे 96 हजार सुटतात, म्हणजे महिन्याला आठ हजार. त्यातले दीड हजार तुमच्या टर्मला, साडेतीन सुकन्येला, तीन मांजराला. कार्डाला हात लावायची गरजच पडत नाही. 20 हजार दोन-तीन महिन्यांत साठतील, तोवर मुलीला थांबवा.

आणि पर्शियन घेतलंत तर ‘पंच फेस’ला भुलू नका. चपट्या नाकाला श्वासाचा त्रास आणि डोळ्यांतून सतत पाणी, त्यात डोंबिवलीचा मे महिना. ‘डॉल फेस’, म्हणजे नाक चपटं नसलेलं, बघा. आई-बापाच्या किडनीचा, म्हणजे पीकेडी या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. रोज विंचरावं लागतं, नाहीतर केसांच्या गाठी होऊन डॉक्टरांकडे भुलीखाली भादरायची वेळ येते. ते काम कोण करणार, हे मुलीला आत्ताच विचारून ठेवा. आमच्याकडची पार्किंगमधून आलेली आहे, फुकट, आणि तिला विंचरायला गेलं की चावते.