मधाचा अहवाल मागितलाय? आधी पेटी तपासा

प्रश्न : आमच्या मेलिफेरा (युरोपीय) मधमाशीच्या पेट्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवर आहेत. मधात शिसं आणि औषधांचे अंश नसल्याचा अहवाल व्यापारी मागतो. साहित्य विकणारा दुकानदार म्हणतो, त्याच्याकडचा जुना अहवाल चालेल. तपासणी कोणती आणि कधी करावी?

उत्तर : दुकानदाराचा अहवाल चालणार नाही. तो नीट वाचा. त्यात पाणी 20 टक्क्यांच्या आत, एचएमएफ (मध तापवल्याने किंवा जुना झाल्याने वाढणारं रसायन) किलोमागे 80 मिलिग्रॅमच्या आत, साखरेची भेसळ नाही, एवढंच असतं. शिसं, कॅडमियम किंवा इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक यांचा त्यात उल्लेखही नसतो. शिवाय तो मध तुमचा नाही. काडी पेटवून किंवा पाण्यात थेंब सोडून तर काहीच कळत नाही, मग दुकानात ते कितीही रुबाबात दाखवोत.

मेलिफेरा सहज तीन किलोमीटर फिरते, म्हणजे राख तुमच्या टापूत आहेच. मधमाशी हवेतलं घरी आणते. 2019 मध्ये पॅरिसचं नोत्र दाम चर्च जळालं, तेव्हा छतातलं शिसं धुराच्या दिशेला असलेल्या पोळ्यांच्या मधात वाढलेलं आढळलं. तरी मकरंदात धूळ कमी उतरते; माशीचं अंग, पराग आणि प्रोपोलिस (माश्या फटी बुजवायला वापरतात तो डिंक) यांवर ती जास्त बसते.

म्हणून माझा पहिला संशय राखेवर नाही, पेटीवर आहे. शिसं आणि जस्त बऱ्याचदा डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जुन्या पत्र्याच्या डब्यांतून आणि गॅल्व्हनाइज्ड मधयंत्रातून येतं. मध आम्लधर्मी असतो, धातू खातो. स्टेनलेस स्टील किंवा खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक वापरा, दुसरं काही नको.

औषधांचंही तेच. दुकानदार साखरपाकात टाकायला टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची पूड देतो. घेऊ नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना मधात अजिबात मुभा नाही. माइटसाठी (माशीवर जगणाऱ्या कोळीसाठी) फ्लुव्हॅलिनेट या औषधाची पट्टी ‘दोन लावा, लवकर फरक पडेल’ असं सांगतात. दोन लावू नका. लेबलवर आहे तेवढीच लावा, लेबलवरच्या दिवशी काढा, आणि वर मधकोठी (मध साठतो तो वरचा कप्पा) असताना मुळीच लावू नका. मेणकिड्यासाठी डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांचा अंश मेणात मुरतो आणि मधात उतरतो. युरोपीय संघाने 2010 मध्ये भारतीय मधाची आयात थांबवली होती, ती शिसं आणि प्रतिजैविकांच्याच तक्रारीवरून.

शेजाऱ्याच्या सूर्यफुलावर किंवा कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटवर फुलोऱ्यात फवारणी होत असेल, तर त्याच्याशी आधी बोला. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही (झाडात भिनणारी) औषधं मकरंदात येतात. फवारा संध्याकाळी मारला तरी येतात. फुलोऱ्यात ती नकोतच. दुकानदार ‘माशीला काही होत नाही’ म्हणाला तरी नकोत.

आता नमुना. मध काढताना 75 टक्के घरं मेणाने बंद झालेली असावीत. प्रत्येक जागेचा आणि प्रत्येक हंगामाचा नमुना वेगळा घ्या, सगळा मध एकत्र ओतल्यावर नव्हे. कीटकनाशकांसाठी काचेची बाटली, जड धातूंसाठी स्वच्छ प्लास्टिकची. किती मध लागेल ते प्रयोगशाळेला आधी विचारा. तापवू नका. चिठ्ठीवर जागा, फुलोरा आणि तारीख लिहा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा निवडा आणि अर्जात स्पष्ट लिहा : जड धातू आयसीपी-एमएसवर, कीटकनाशकं व प्रतिजैविकं एलसी-एमएस/एमएसवर (ही दोन्ही अगदी बारीक अंश मोजणारी यंत्रं). नुसतं ‘मध तपासणी’ लिहिलंत तर पुन्हा तोच साखर-पाण्याचा अहवाल हातात पडेल. आणंदला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची मध प्रयोगशाळा 2020 पासून आहे. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत मार्गदर्शन घ्या.

एक काम मात्र अहवालाची वाट न पाहता करा : जुनी पोळी काढा. औषधं मेणात साठतात, वर्षानुवर्षं. पिल्लांच्या कोठीतली एक तृतीयांश पोळी दर वर्षी बदला आणि चौकटीवर मार्करने साल लिहा. काळं पोळं वितळवून त्याचाच मेणपत्रा (नवं पोळं बांधायला चौकटीत लावतात तो) करून घेऊ नका, वितळवल्याने औषध जात नाही. मधाच्या घरांवरची टोपणं कापून निघतं ते मेण त्यासाठी वापरा. ही सवय ज्यांनी लावून घेतली, त्यांच्या पेट्यांत मला औषधाची गरजही कमी पडलेली दिसते.

अनुदान : मधुक्रांती या मधपाळांच्या नोंदणी पोर्टलवर नोंदणी करा, खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत 50 टक्के अनुदान आहे. बाकी माहिती जिल्हा कार्यालयात.

आणि हो, पराग गोळा करून विकायचा विचार असेल, तर या जागेवरून नको. त्यासाठी पेट्या राखेपासून लांब हलवा.